डोंगरवाटेवरची सायकल : फायद्यांचे दावे आणि त्यांचा हिशेब

डांबरी रस्ता सोडून जंगलातल्या, डोंगरउतारावरच्या कच्च्या वाटांनी जाड टायरांची सायकल चालवणे याला माउंटन बायकिंग म्हणतात. या खेळाचा उगम अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील मरीन काउंटीत झाला. माउंट टॅमल्पायस डोंगराच्या परिसरात वणवे विझवण्यासाठी काढलेले कच्चे रस्ते होते. १९७०च्या दशकात काही तरुण जुन्या, वजनदार सायकली वर चढवून त्या रस्त्यांवरून खाली सुटत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी ‘रीपॅक’ ही शर्यत सुरू केली. उतार इतका तीव्र होता, की मागच्या चाकाच्या ब्रेकमधले ग्रीस तापून जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे; शर्यतीचे नाव त्यावरूनच पडले. १९७७ मध्ये जो ब्रीझ यांनी अशा वाटांसाठी खास फ्रेम बनवली, १९७९ मध्ये गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी ‘माउंटनबाइक्स’ ही कंपनी काढली आणि १९८१ मध्ये ‘स्पेशलाइज्ड’ कंपनीची ‘स्टंपजंपर’ ही सायकल दुकानांत आली. १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये या खेळाला स्थान मिळाले.

खेळाबरोबर वादही वाढला. अमेरिकेच्या १९६४च्या वन्यप्रदेश कायद्याने संरक्षित रानांत ‘यांत्रिक वाहतुकी’ला मनाई केली होती. या शब्दांत पायाने चालवायची सायकल येते का, हे कायद्यात स्पष्ट नव्हते. १९८४ मध्ये तिथल्या वनसेवेने ती येते असे स्पष्ट केले आणि अशा रानांतून सायकली बाहेर गेल्या. १९८८ मध्ये ‘इंटरनॅशनल माउंटन बायसिकलिंग असोसिएशन’ ही सायकलस्वारांची संघटना उभी राहिली. तेव्हापासून दोन दावे समोरासमोर आहेत. समर्थक म्हणतात, की हा खेळ मोडकळीला आलेल्या गावांना रोजगार देतो आणि निसर्गाला पायी चालण्यापेक्षा जास्त धक्का लावत नाही. विरोधक म्हणतात, की आर्थिक फायद्याचे आकडे फुगवलेले आहेत आणि निसर्गाच्या हानीचे आकडे दडपलेले. दोन्ही बाजू अभ्यासांचे दाखले देतात. त्यातले बरेच अभ्यास एकमेकांना खोटे पाडत नाहीत. त्यांनी तुलना वेगवेगळ्या गोष्टींशी केलेली असते, म्हणून त्यांची उत्तरे वेगळी येतात.

खाणींच्या गावांना नवे गिऱ्हाईक

आर्थिक फायद्याची सर्वांत ठळक उदाहरणे खाणींच्या गावांत सापडतात. अमेरिकेच्या यूटा राज्यातील मोआब हे वाळवंटी गाव १९५०च्या दशकात युरेनियमवर श्रीमंत झाले. पुढे मागणी घटली आणि १९८४ मध्ये तिथली युरेनियम शुद्धीकरणाची गिरणी बंद पडली. गावाजवळच्या वालुकाश्माच्या गुळगुळीत टेकाडांवर ‘स्लिकरॉक’ नावाची वाट १९६९ मध्येच आखलेली होती, तीही मोटरसायकलींसाठी. पुढे तीच माउंटन बायकिंगची पंढरी ठरली. गावात सायकलची दुकाने, लॉज, मार्गदर्शक, खाणावळी आल्या. मोआबचे उदाहरण समर्थक देतात तेव्हा तुलना खाणीशी होते, आणि त्या तुलनेत सायकल सहज जिंकते. गिरणीने कोलोरॅडो नदीच्या काठी सुमारे १.६ कोटी टन किरणोत्सारी गाळ मागे ठेवला. तो रेल्वेने दूर हलवण्याचे सरकारी काम २००९ मध्ये सुरू झाले. पण सायकल आली म्हणून खाण बंद पडली असे झाले नाही. खाण आपल्या कारणांनी बंद पडली आणि रिकाम्या झालेल्या जागी सायकल आली. खाणीने केलेली हानी टळली, हे श्रेय सायकलीकडे जात नाही.

ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावरील डर्बी हे दुसरे उदाहरण. कथिलाच्या खाणीवर जगणाऱ्या या गावावर १९२९ मध्ये धरण फुटून संकट आले आणि १४ माणसे दगावली. पुढे खाणही संपली आणि गाव ओस पडत गेले. २०१५ मध्ये सरकारी पैशातून ‘ब्लू डर्बी’ या नावाने सायकलवाटांचे जाळे खुले झाले. दोनशेच्या आसपास वस्तीच्या या गावात दोन वर्षांत ‘एंड्युरो वर्ल्ड सिरीज’ या जागतिक मालिकेची फेरी भरली. बंद घरे उघडली, त्यांत पाहुण्यांच्या खोल्या झाल्या, खाण्यापिण्याची दुकाने आली. इतक्या लहान गावात झालेला बदल उघड्या डोळ्यांना दिसतो, त्यासाठी अर्थतज्ज्ञाची गरज पडत नाही. मात्र डर्बीला मिळालेले पर्यटक टास्मानियाच्या दुसऱ्या गावातून वळले असतील, तर गावाचा फायदा आणि बेटाचा फायदा हे दोन वेगळे आकडे होतात.

आकडा कसा तयार होतो

आर्थिक अहवालांत साधारणपणे चार जागी गफलत होते. पहिली म्हणजे पैसा नवा आहे की फक्त जागा बदललेला. स्थानिक माणसाने सिनेमाऐवजी सायकलवाटेजवळच्या हॉटेलात पैसे खर्च केले, तर गावाच्या एकूण उलाढालीत भर पडत नाही. म्हणून काटेकोर अभ्यास बाहेरगावच्या पाहुण्यांचाच खर्च धरतात, आणि त्यातही जे केवळ सायकलसाठी आले त्यांचाच. दुसरी गफलत गुणक परिणामाची. पाहुण्याने दिलेले पैसे हॉटेलवाला पुढे दुधवाल्याला, सुताराला देतो, म्हणून मूळ खर्चाला काही पटींनी गुणले जाते. पण लहान गावात सायकल, सुटे भाग, इंधन, किराणा सगळेच बाहेरून येत असल्याने पैसा फार वेळ गावात फिरत नाही. त्यामुळे मोठ्या प्रदेशासाठी काढलेला गुणक लहान गावाला लावला, की आकडा फुगतो.

तिसरी गफलत वेगवेगळ्या जातीचे फायदे एकाच बेरजेत घालण्याची. अमेरिकेच्या आर्कान्सा राज्यातील बेंटनव्हिल हे वॉलमार्ट कंपनीचे मुख्यालय असलेले शहर. कंपनीच्या संस्थापक वॉल्टन कुटुंबाच्या प्रतिष्ठानाने तिथे सायकलवाटांवर मोठी रक्कम खर्च केली आहे. या प्रतिष्ठानाच्या सहभागाने झालेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २०१८ मध्ये जाहीर झाले. वायव्य आर्कान्साला २०१७ मध्ये सायकलिंगमुळे १३.७ कोटी डॉलरचा फायदा झाला, हा त्यातला आकडा खूप गाजला. तो फोडून पाहिला तर चित्र बदलते. त्यातले ८.६ कोटी डॉलर हे सायकल चालवल्याने सुधारलेल्या आरोग्याचे अंदाजित मोल होते. व्यापारी फायदा ५.१ कोटींचा, आणि त्यातला पर्यटकांचा वाटा सुमारे २.७ कोटींचा. शिवाय हा हिशेब सगळ्या प्रकारच्या सायकलिंगचा होता. आकडा खोटा नव्हता. पण ‘माउंटन बायकिंगने गावात आणलेला पैसा’ म्हणून तो सांगितला गेला, तर दिशाभूल होते.

चौथी गफलत अर्थशास्त्रातील एका संकल्पनेची. १९९७ मध्ये पीटर फिक्स आणि जॉन लूमिस यांनी मोआबचा अभ्यास प्रसिद्ध केला. सायकलस्वार किती लांबून, किती खर्च करून येतात यावरून त्यांनी एका सहलीचे मोल सुमारे २०० डॉलर आणि सगळ्या सहलींचे मिळून वर्षाला ८० लाख डॉलरहून अधिक काढले. हा स्वारांनी मोआबमध्ये केलेला खर्च नव्हता. प्रत्यक्ष खर्चापेक्षा किती जास्त मोजायला ते तयार झाले असते, याचा तो अंदाज होता. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत याला उपभोक्त्याचे संतोषाधिक्य म्हणतात. ते समाधान खरे असते आणि सार्वजनिक जमीन कशासाठी ठेवावी हे ठरवताना ते मोजलेही पाहिजे. पण ते मोआबच्या दुकानदाराच्या गल्ल्यात पडत नाही. रोजगाराच्या चर्चेत हा आकडा आणणे म्हणजे दोन वेगळ्या प्रश्नांची सरमिसळ करणे होय.

खर्चाची बाजू

फायद्याचे अहवाल बहुधा वाट बांधण्यापूर्वी किंवा उद्घाटनानंतर लगेच तयार होतात. खर्च मात्र पुढची अनेक वर्षे चालतो. पावसाने वाहून गेलेली माती पुन्हा भरणे, लाकडी पूल बदलणे, वाटेवर पडलेली झाडे हलवणे, विमा उतरवणे हा सगळा भार जमिनीच्या मालकावर पडतो. कमाई मात्र आसपासच्या हॉटेलांची होते. वेल्समधील कोएड-अ-ब्रेनिन जंगलात हे ठळकपणे दिसले. ब्रिटनमध्ये खास सायकलवाटा बांधून केंद्र उभारण्याची सुरुवात १९९०च्या दशकात तिथेच झाली आणि पुढे स्कॉटलंडपर्यंत त्याचे अनुकरण झाले. तरीही जंगल सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेने पैशांच्या अडचणीमुळे मार्च २०२५ अखेर तिथल्या अभ्यागत केंद्रातील उपाहारगृह आणि दुकान बंद केले. वाटा उघड्या राहिल्या. केंद्राचा हिशेब तोट्याचा आणि परिसराचा फायद्याचा, असे एकाच वेळी असू शकते.

अपघातांचा खर्चही क्वचितच वजा केला जातो. कॅनडातील व्हिसलर येथे बर्फावर घसरण्याच्या खेळाचे पाळणे उन्हाळ्यात सायकली वर नेतात आणि स्वार उतारावरून खाली येतात. २००९च्या मे ते ऑक्टोबर या एका हंगामात तिथल्या सायकल पार्कमधील ८९८ जखमी गावातील दवाखान्यात आले. त्यातल्या चाळीस टक्क्यांहून अधिक जणांचे हाड मोडले होते. कॅनडात उपचारांचा खर्च बव्हंशी सार्वजनिक निधीतून होतो. व्यायामाने वाचलेला औषधखर्च फायद्यात धरायचा आणि मोडलेल्या हाडांचा खर्च सोडून द्यायचा, हा हिशेब एकतर्फी ठरतो.

तिसरा खर्च घरांचा. पर्यटन वाढले की घरे मुक्कामी पाहुण्यांना देणे जास्त परवडते, भाडी चढतात आणि हॉटेलात किंवा दुकानात काम करणाऱ्याला गावात राहणे अवघड होते. मोआबमध्ये ही तक्रार जुनी आहे. हा परिणाम एकट्या सायकलीचा नसतो, सर्वच पर्यटनाचा असतो. पण त्याच पर्यटनाचे फायदे सायकलीच्या नावावर मांडले जात असतील, तर तोटेही त्याच खात्यात यायला हवेत.

माती आणि वनस्पती

पर्यावरणाच्या बाजूला सर्वाधिक प्रयोग मातीवर झाले आहेत. १९९४ मध्ये विल्सन आणि सेनी यांनी मोंटाना राज्यातील डोंगरवाटांवर पायी माणसे, घोडे, मोटरसायकली आणि सायकली नेऊन, कृत्रिम पाऊस पाडून वाहणारी माती मोजली. चाकांपेक्षा पावले आणि खूर जास्त माती मोकळी करतात असे त्यांना आढळले; घोड्यांचा वाटा सर्वांत मोठा होता. २००१ मध्ये थर्स्टन आणि रीडर यांनी कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतात, याआधी न मळलेल्या जंगलात पायी आणि सायकलने ५०० पर्यंत फेऱ्या घालून पाहिल्या. झाडोरा दोन्हींत सारखाच तुडवला गेला, हानी वाटेच्या मधल्या पट्ट्यापुरती राहिली आणि वर्षभरात बरीच भरून आली. हे दोन अभ्यास समर्थकांचे मुख्य आधार आहेत.

ऑस्ट्रेलियात कॅथरिन पिकरिंग आणि सहकाऱ्यांनी उंचावरच्या गवताळ भागात अशीच पद्धत वापरून २०११ मध्ये निष्कर्ष मांडले. फेऱ्या कमी असताना फरक नव्हता, पण त्या वाढल्या तसे सायकलीने झालेले नुकसान चालण्यापेक्षा जास्त भरले. म्हणजे जमीन, उतार, ओलावा आणि वर्दळ यांवर उत्तर अवलंबून असते. मोआबमध्ये ही गोष्ट हातभर अंतरात बदलते. स्लिकरॉकच्या उघड्या वालुकाश्मावर चाकाचा परिणाम नगण्य असतो. शेजारच्या मातीवर मात्र सूक्ष्म जिवाणू, दगडफूल आणि शेवाळ यांनी बनलेला काळसर पापुद्रा असतो. तो वाळवंटातली माती धरून ठेवतो आणि चाकाने किंवा पावलाने एकदा फुटला, की पूर्ववत होण्यास अनेक दशके लागू शकतात.

या प्रयोगांवर विरोधकांचा मुख्य आक्षेप मोजमापाच्या एककावर आहे. प्रयोगात एक चालणारा आणि एक सायकलस्वार सारख्याच अंतरावर तपासले जातात. प्रत्यक्षात चालणारा तासात चार किलोमीटर जात असेल, तर स्वार दहा-बारा जातो. प्रति किलोमीटर हानी सारखी असली, तरी प्रति तास ती अडीच-तीन पट होते. प्रयोगांतली सायकल बहुतेक वेळा सरळ, बेताच्या वेगाने चालवलेली असते. तीव्र उतारावर ब्रेक दाबून चाक घसरवणे किंवा वळणावर माती खरवडणे त्यात येतेच असे नाही. हा आक्षेप रास्त आहे. त्याला मर्यादाही आहे : पक्क्या बांधलेल्या वाटेवर एकूण हानीचा बराचसा भाग वाट काढतानाच झालेला असतो आणि नंतरची धूप वाटेच्या आखणीवर व पावसावर जास्त अवलंबून असते.

वन्यप्राणी

प्राण्यांच्या बाबतीत चित्र आणखी मिश्र आहे. मोआबजवळच्या कॅनियनलँड्स राष्ट्रीय उद्यानातील रानमेंढ्यांवरील २००१च्या अभ्यासात पायी माणूस दिसल्यावर मेंढ्या ६१ टक्के वेळा पळाल्या, मोटारींपुढे १७ टक्के वेळा आणि सायकलींपुढे फक्त ६ टक्के वेळा. हा आकडा सायकलीच्या बाजूने नेहमी सांगितला जातो, पण त्याचे कारण अभ्यासातच आहे. सायकली ठरलेल्या रस्त्यावरून जात होत्या, त्यामुळे मेंढ्यांना त्या सवयीच्या झाल्या होत्या. पायी माणसे मात्र रस्ता सोडून कुठूनही, कधी थेट कळपाकडे येत. सायकलींनीही रस्ता सोडला असता, तर हाच आकडा आला असता असे म्हणता येत नाही.

२००३ मध्ये टेलर आणि नाइट यांनी यूटामधील अँटेलोप बेटावर बायसन, हरणे आणि हरणासारखे दिसणारे प्राँगहॉर्न यांची प्रतिक्रिया तपासली. सायकलस्वार आणि चालणारे यांत फारसा फरक आढळला नाही. वाटेपासून १०० मीटरच्या आत असलेला प्राणी उठून जाण्याची शक्यता दोन्हींत ७० टक्क्यांच्या आसपास होती. त्याच वेळी विचारलेल्या अभ्यागतांपैकी निम्म्यांच्या आसपास लोकांना आपल्यामुळे प्राण्यांना त्रास होतो असे वाटतच नव्हते. ओरेगन राज्यातील स्टार्की प्रायोगिक वनात एल्क या मोठ्या हरणांवर झालेल्या अभ्यासात मात्र क्रम स्पष्ट निघाला. २००९ मधील निष्कर्षांनुसार इंजिनाच्या चारचाकी गाड्यांनी एल्क सर्वाधिक हलले, त्याखालोखाल सायकलींनी. पायी माणसे आणि घोडेस्वार यांचा परिणाम त्याहून कमी होता. प्राणी पळाला नाही म्हणून त्याचे नुकसान झाले नाही, असेही नसते. चरण्याचा वेळ घटणे किंवा चांगले कुरण कायमचे सोडावे लागणे ही हानी पळण्याच्या टक्केवारीत दिसत नाही.

वेग आणि शांतता यांचा धोका वेगळा आहे. सायकल आवाज न करता वेगाने येते, त्यामुळे अस्वलाला बाजूला होण्यास अवधी मिळत नाही. जून २०१६ मध्ये मोंटानातील ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानालगतच्या जंगलात एक सायकलस्वार आंधळ्या वळणावर ग्रिझली अस्वलावर आदळला आणि अस्वलाच्या हल्ल्यात मरण पावला. अशा घटना विरळ आहेत, पण ग्रिझलींच्या प्रदेशात वाटा आखताना त्यांचा विचार करावाच लागतो.

नव्या वाटा, चोरवाटा आणि प्रवास

जुन्या वाटेवर सायकल येऊ द्यावी का आणि रानात नवी वाट काढावी का, हे दोन प्रश्न एकच समजल्याने वाद अधिक गुंततो. नवी वाट सलग जंगलाचे तुकडे पाडते. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात वॉरबर्टन गावाभोवती १६० किलोमीटरहून अधिक वाटांचा प्रकल्प मांडला गेला, तेव्हा त्याला पर्यावरणीय परिणामांच्या पूर्ण तपासणीतून जावे लागले. तिथल्या माउंट डोना ब्वांग या डोंगरावर पंख नसलेला एक दुर्मीळ अश्ममाशीचा प्रकार आणि थंड वर्षावनाचे पट्टे आहेत. २०२२ मधील सरकारी निर्णयाने प्रकल्पाला सरसकट नकार दिला नाही, पण शिखरावरून उतरणाऱ्या प्रमुख वाटेला हरकत घेतली.

परवानगी नसलेल्या वाटा ही दुसरी अडचण. स्वार स्वतःच झाडी तोडून, उड्यांसाठी मातीचे उंचवटे रचून चोरवाटा काढतात. त्या कोणत्याही आराखड्यात नसतात आणि प्रयोगांतही मोजल्या जात नाहीत. टायरांना चिकटलेल्या मातीबरोबर रोगही पसरतात. पश्चिम ऑस्ट्रेलियात मुळे कुजवणाऱ्या फायटोप्थोरा या सूक्ष्म जीवामुळे चाके आणि बूट धुण्याची ठाणी ठेवावी लागतात. याशिवाय बहुतेक स्वार सायकल मोटारीवर लादून किंवा विमानाने वाटेपर्यंत पोहोचतात. शहरातली सायकल मोटारीची जागा घेते म्हणून धूर कमी होतो. डोंगरातली सायकल अनेकदा मोटारीच्या फेऱ्या वाढवते. दोन्हींना एकच ‘हिरवे’ श्रेय देता येत नाही.

उलट बाजूचा फायदाही नोंदवायला हवा. जिथे माणसे सायकल चालवतात तिथल्या जंगलाला राखणदार मिळतात. डर्बीच्या वाटांलगत सरकारी कंपनीने लाकूडतोड आखली, तेव्हा तिला विरोध करणाऱ्यांत सायकलस्वार पुढे होते आणि पर्यटनाचे उत्पन्न हाच त्यांचा मुख्य युक्तिवाद होता. म्हणजे तुलना अस्पर्श रानाशी केली तर सायकलवाट हानी ठरते, आणि लाकूडतोडीशी केली तर तीच संरक्षण ठरते.

नियोजनाने साधणारी गोष्ट

हानी किती होईल हे बऱ्याच अंशी आखणीवर ठरते. सायकलस्वारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने वाटबांधणीसाठी काही नियम रूढ केले आहेत. वाटेचा सरासरी चढ दहा टक्क्यांच्या आसपास ठेवावा. तो डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून जास्त नसावा. पाणी वाटेवरून न वाहता कडेला उतरावे म्हणून वाट बाहेरच्या बाजूला किंचित झुकती ठेवावी आणि ठरावीक अंतराने चढउतार पालटावा. प्रजननाच्या आणि ओल्या हंगामात वाटा बंद ठेवणे, पायी आणि सायकलच्या वाटा वेगळ्या करणे, वेगमर्यादा घालणे हे उपायही वापरात आहेत. माउंट टॅमल्पायसवर सायकलींना ताशी १५ मैलांची आणि आंधळ्या वळणावर ५ मैलांची मर्यादा आहे. नवा प्रश्न विजेवरच्या सायकलींचा आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये अमेरिकेच्या गृहखात्याने, अर्थात तिथे सार्वजनिक जमिनी सांभाळणाऱ्या खात्याने, साध्या सायकलींना मुभा असलेल्या वाटा त्यांनाही खुल्या करण्याचे धोरण आणले. त्यामुळे कमी श्रमात जास्त माणसे जास्त आत जाऊ लागली आणि पूर्वीचे वर्दळीचे अंदाज अपुरे पडू लागले.

या सगळ्यातून काही गोष्टी ठामपणे सांगता येतात. लहान, पडझड झालेल्या गावात बाहेरचा पैसा येतो, हा फायदा खरा आहे. पण तो मोठ्या प्रदेशाच्या पातळीवर आक्रसतो आणि देखभाल, उपचार व घरभाडे वजा केल्यावर आणखी घटतो. नीट आखलेल्या वाटेवर सायकलीची माती-झाडोऱ्यावरची हानी चालण्याच्या तोडीची असते; वर्दळ, अंतर आणि वेग वाढला की ती पुढे जाते. प्राण्यांवरील परिणाम जातीनुसार आणि वाट ठरलेली आहे की नाही यानुसार बदलतो. म्हणून कोणताही अहवाल हाती आला, की त्याचा शेवटचा आकडा वाचण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात : तुलना कशाशी केली आहे, एकक कोणते धरले आहे आणि खर्च कोणाच्या खात्यात टाकला आहे.